बोर्ड छापण्याआधी: ‘मेन्स वेअर’मध्ये अपॉस्ट्रॉफी कुठे?

दुकानाचा इंग्रजी बोर्ड छापायला देताय? आधी एवढं बघा.

‘लेडीज टेलर’मधलं लेडीज हे एस लागून झालेलं अनेकवचन. म्हणून अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, एसच्या नंतर येतो. पण मॅनचं मेन, वुमनचं विमेन, चाइल्डचं चिल्ड्रन. ही अनेकवचनं एसशिवायच होतात. इथे आधी अपॉस्ट्रॉफी, मग एस. मेन्स वेअर, चिल्ड्रन्स शूज, दोन्हीकडे तसंच.

सोपी युक्ती सांगतो. आधी अनेकवचन पूर्ण लिहा. शेवटी एस आहे? नुसतं चिन्ह द्या. एस नाही? चिन्ह आणि एस, दोन्ही द्या.

फ्लेक्स एकदा लागला की चूक रोज गिऱ्हाइकासमोर. म्हणून प्रूफ हातात आलं की तिथेच तपासा!