कोलेस्टेरॉल घडविणारें विकर

कोलेस्टेरॉल म्हटलें कीं आपणांस तूप व अंडीं आठवतात. परंतु शरीरांतील बहुतेक कोलेस्टेरॉल आपल्याच पेशी घडवितात. पेशींच्या आवरणास व पित्तास तें अवश्य असतें. या घडणीचे टप्पे पुष्कळ; वेग मात्र एकाच टप्प्यावर ठरतो, आणि तो एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराच्या हातीं असतो.

१९७३ सालीं जपानचे आकिरा एंदो यांना पेनिसिलियम जातीच्या बुरशींत या विकरास अडविणारें द्रव्य सांपडलें. त्याच कुळांतील पहिल्या स्टॅटिन औषधास १९८७ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. विकर अडलें, कीं यकृताच्या पेशींस कोलेस्टेरॉल उणें पडतें. मग कोलेस्टेरॉल धरून आंत घेणारीं प्रथिनें त्या आपल्या पृष्ठभागावर वाढवितात, आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें.

तपासणींत आंकडा उतरलेला पाहून कित्येक जण गोळी आपल्याच विचारानें सोडतात. पण औषधानें विकर नाहींसें होत नाहीं, तें अडून राहतें इतकेंच. गोळी थांबली, कीं तें पुन्हां कामास लागतें आणि कांहीं आठवड्यांत आंकडा चढतो. उतरलेला आंकडा ही औषध चालू असल्याची खूण होय. तें सोडण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.