मातीचे कानातले घेताना आधी वाजवून बघा

परवा जठारपेठेत भाजी घ्यायला गेले आणि मातीच्या कानातल्यांपाशीच अडकले. विकणाऱ्या ताईंनी दोन लोलक एकमेकांवर हलकेच आपटले. टिण्‌! "पक्के भाजले आहेत, पाण्यानं काही होत नाही पाहा."

मी काही वर्षांपासून टेराकोटाचे दागिने करते, म्हणून यामागचं थोडं सांगते.

माती साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली, की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. मग ती पुन्हा चिखल होत नाही. भाजणी कच्ची राहिली तर आवाज बद्द येतो. माठ घेतानाही आपण हेच तर करतो!

आपल्या वऱ्हाडातली काळी माती भारी लहरी. भिजली की फुगते, वाळताना आकसते, तडकते. म्हणून कुंभार मातीत राख, लीद मिसळतात. दागिन्यासाठी मी गाळाची माती वस्त्रगाळ करून घेते. भोक ओलेपणीच पाडायचं, दोऱ्यापेक्षा चांगलं मोठं, कारण सुकताना तेही आकसतं. माझी पहिली माळ याच चुकीने वाया गेली. वाळवण सावलीतच.

लाल आणि काळा दागिना एकाच मातीचा असू शकतो. भट्टीत मोकळी हवा मिळाली, की मातीतल्या लोहामुळे लाल. शेवटी भुसा टाकून हवा कोंडली, की धूर मुरून काळा. हा काळा रंग ओल्या बोटाला लागत नाही.

घरी करून बघायचंय? विचारा, माती भिजवण्यापासून सांगते.