दम राखून घाट काढताना

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे निघालेल्या सायकलस्वाराची खरी परीक्षा डिंभे धरण मागे पडल्यावर, पोखरीच्या घाटात सुरू होते. जुन्नरकरांना माळशेज वेगळाच हिसका दाखवतो. ओतूर-मढकडून गेलं की आधी मनसोक्त उतार मिळतो आणि परतताना कोकणातल्या दमट हवेतून सगळा घाट चढावा लागतो. दोन्हीकडे हिशेब लागतो तो दमाचा, आणि त्याबद्दल सायकलवाल्यांत काही समज पक्के बसले आहेत.

गैरसमज : पॉवर मीटर नसेल तर सगळं अंदाजपंचे.

वस्तुस्थिती : पॅडलवरचा जोर वॅटमध्ये दाखवणारं हे उपकरण जर्मन अभियंता उलरिच शोबेरर यांनी 1980 च्या दशकात घडवलं. बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1969 ते 1974 या काळात पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकली, ती त्याच्याविनाच.

श्वास हे चांगलं मोजमाप आहे. चढावर ‘घोडेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे’ एवढा पत्ता एका दमात सांगता आला, तर जोर बेताचा आहे. ‘आंबेगाव’पाशीच श्वास तुटला, तर हा जोर फार वेळ टिकणार नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी कष्टाची जाणीव 6 ते 20 आकड्यांत मांडली. त्यात 13 म्हणजे ‘काहीसं कठीण’ आणि 15 म्हणजे ‘कठीण’. लांब घाट या दोहोंच्या दरम्यान काढावा.

गैरसमज : पाय ताजे असतानाच वेळ वाचवून घ्यावा.

वस्तुस्थिती : मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब असतो. तो डोळ्यांसमोर ठेवून हौशी स्वारही पायथ्यापासून सुसाट सुटतात. मर्यादेपलीकडे जोर लावला की स्नायूंतली साठवलेली साखर झपाट्याने खर्च होते, पाय भरून येतात आणि चढावरच सावरायची वेळ येते. पहिला एक तृतीयांश घाट ‘फारच सावकाश चाललंय’ असं वाटेल इतक्या बेताने काढावा.

गैरसमज : वेग एकसारखा ठेवला की झालं.

वस्तुस्थिती : एकसारखा ठेवायचा तो जोर. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरलं, तर 6 टक्के चढावर ताशी 10 किलोमीटर वेगाला साधारण 150 वॅट लागतात. चढ 9 टक्के झाला आणि वेग तोच ठेवला, तर हा आकडा 210 च्या पुढे जातो. म्हणून खडा टप्पा आला की वेग पडू द्यावा आणि चढ सौम्य झाला की तो आपसूक वाढू द्यावा.

गैरसमज : हलका गिअर ही कच्च्या स्वाराची खूण.

वस्तुस्थिती : पुढे 34 आणि मागे 28 दात असतील, तर ताशी 8 किलोमीटर वेगाला पॅडलचे मिनिटाला जेमतेम 52 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर ताण येतो. मागे 32 दातांची चकती असेल, तर त्याच वेगाला साठच्या आसपास फेरे होतात आणि पाय मोकळे राहतात. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. जोर लावत असताना बदलला तर साखळी कुरकुरते, प्रसंगी निसटते.

गैरसमज : हृदयाचे ठोके कधी फसवत नाहीत.

वस्तुस्थिती : जोर वाढल्यावर ठोके वर यायला एक-दोन मिनिटं लागतात. त्यामुळे छोट्या खड्या चढावर घड्याळ मागेच राहतं. शिवाय उकाड्यात अंगातलं पाणी कमी झालं, की जोर तोच असूनही ठोके हळूहळू चढत जातात. माळशेजच्या पायथ्याला हे हमखास जाणवतं. ठोके मोजणारा पट्टा जरूर बांधावा, पण शेवटचा कौल श्वासाचा मानावा.

गैरसमज : घाट संपला म्हणजे चढ संपला.

वस्तुस्थिती : पोखरीचा घाट चढून तळेघरला पोचलं तरी भीमाशंकरपर्यंतचा रस्ता वर-खाली होतच राहतो. घाटातच सगळा दम संपवला, तर हे साधे चढही जड जातात. तळेघरला थांबून पाणी आणि खाणं पोटात घालावं.

पहिल्याच खेपेला डिंभे ते तळेघर किती वेळ लागला आणि श्वास कुठे तुटला, हे वहीत टिपून ठेवा. पुढच्या खेपेला आपली प्रगती तपासायला एवढी नोंद पुरते.