भाकरीच्या पोटातले ऊन

उर्दूत प्रकाशसंश्लेषणाला ‘ज़ियाई तालीफ’ म्हणतात. ज़िया म्हणजे उजेड, तालीफ म्हणजे जुळवणी. ऊन, हवा आणि पाणी जुळवून पान साखर करते, हे त्या दोन शब्दांतच आले. मराठी शब्द समजावताना मात्र आम्हाला अर्धा फळा भरावा लागतो.

पण या जुळवणीत एक खोट आहे. पानातले रुबिस्को नावाचे विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडते, आणि चुकून ऑक्सिजनही पकडते. ती चूक निस्तरण्यात पानाची बरीच कमाई खर्ची पडते. उष्णता वाढली की चुकाही वाढतात. गहू, तांदूळ, तूर, हरभरा, सोयाबीन, सगळ्यांची हीच गत.

आपल्या ज्वारीची नाही. तिच्या पानात बाहेरच्या पेशी आधी कार्बन डायऑक्साइड गोळा करतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन कोंबतात. रुबिस्को तिथेच बसलेले. ऑक्सिजन पकडायला त्याला फारसा वावच उरत नाही. पानाची छिद्रे कमी उघडली तरी भागते, म्हणून पाणीही वाचते. या पद्धतीला ‘सी-फोर’ म्हणतात. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात 1966 साली ती उलगडली, तीही उसाच्या पानात.

हीच करामत भातात आणण्यासाठी 2008 पासून आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू आहे. शेतकऱ्याच्या हाती अजून काही आलेले नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. कडक उन्हात पान जादा ऊर्जा उष्णता करून फेकते, पण सावली आली तरी ते फेकणे लगेच थांबत नाही. जनुके बदलून त्यांनी पानाला लवकर सावरायला लावले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सोयाबीनच्या चाचणीत एका हंगामात उत्पन्न 33 टक्क्यांपर्यंत वाढले. पुढच्या हंगामात वादळाने पीक लोळवले आणि फरक दिसला नाही. बार्शीकडच्या सोयाबीनवाल्यांनी एवढ्यात हुरळून जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

आणि आपण काय करतो आहोत? मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी 35-1 आज इतक्या वर्षांनीही पेरली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. तरी रान उसाकडे चालले आहे, आणि मुलांच्या डब्यातून भाकरी हळूहळू नाहीशी होते आहे.

परवा वर्गात ज्वारीच्या पानाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शिरेभोवतीचे पेशींचे कडे पाहायला रांग लागली. एका मुलीच्या अब्बांनी यंदा ज्वारी मोडून ऊस लावला आहे. तिने विचारले, “सर, दोन्ही सी-फोर, मग ऊसच एवढं पाणी का पितो?”

आम्ही सांगितले, ज्वारी चार महिन्यांत, जमिनीतल्या ओलीवर उरकते. ऊस वर्षभर रानात उभा असतो, आणि वर्षभर पाणी मागतो. ती म्हणाली, “बोअरला तर आत्ताच पाणी कमी झालंय.”

घंटा झाली तरी ती सूक्ष्मदर्शकापाशीच होती.