घरी व्हेपचे भाग घासताय? निघालेला धातूचा कीस कुठे जातो ते समजून घ्या

व्हेप म्हणजेच ई-सिगारेट. बॅटरीमुळे आतली बारीक तार तापते, निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती तोंडाने ओढली जाते. या उपकरणात स्वतः फेरफार करण्याचा छंद अमेरिका, ब्रिटन अशा देशांत बराच पसरला. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरीही ही उपकरणे तरुणांच्या हातात दिसतात, आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांना तर ती सहज मिळतात.

पालकांना बहुतेक वेळा एवढेच दिसते: मुलगा किंवा मुलगी टेबलावर छोटे मशीन घेऊन कसली तरी पितळी नळी घासत बसली आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट असेल असे वाटते. हे मशीन म्हणजे रोटरी टूल. ते जाड पेनासारखे हातात धरायचे आणि टोकाला ड्रिल, घासायचा दगड किंवा कापायची पातळ चकती लावायची. अशी बरीच मशीन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरतात. हवा आत येण्याचे भोक मोठे करणे, कडा घासणे, तोंडात धरायचा भाग पॉलिश करणे अशा कामांना ते वापरतात.

घासून निघालेला धातू नाहीसा होत नाही. तो डोळ्यात जातो, श्वासात जातो, घरात पसरतो, नाहीतर त्याच उपकरणात अडकून राहतो.

डोळ्यात गेला तर

धातूचा कण बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर रुतला की डोळा खुपतो, लाल होतो, पाणी येते. कण लोखंडाचा किंवा साध्या पोलादाचा असेल तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे वर्तुळ तयार होऊ लागते. नुसता कण काढून भागत नाही, गंजही काढावा लागतो. हे काम नेत्रतज्ज्ञाचे आहे. रुमालाचे टोक, कापूस लावलेली काडी, मित्राची नखे यांनी पडद्यावर ओरखडे पडतात आणि जंतुसंसर्ग होतो.

याहून धोकादायक प्रकार फसवा असतो. वेगाने उडालेला बारीक तुकडा डोळ्याला भोक पाडून आत शिरतो. जखम इतकी लहान असते की दुखणे थोडे वेळात कमी होते आणि सुरुवातीला नीट दिसतेही. आत राहिलेले तांबे डोळ्यात तीव्र दाह निर्माण करते. लोखंड हळूहळू दृष्टिपटल निकामी करते. म्हणून "आता दुखत नाही" याचा अर्थ "कण निघून गेला" असा घेऊ नका.

नंबरचा चष्मा पुरेसा नाही, कारण कण बाजूने येतात. आणखी एक सवय मोडायला हवी: घासलेला भाग तोंडाजवळ धरून फुंकर मारणे. तो कीस सरळ आपल्याच डोळ्यात येतो.

श्वासात आणि घरात गेला तर

मोठा कीस खाली पडतो, पण अतिशय बारीक धूळ हवेत तरंगते आणि फुप्फुसात खोल जाते. दमा असणाऱ्याला यामुळे खोकला आणि घरघर सुरू होऊ शकते. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

धूळ कसली आहे यालाही महत्त्व आहे. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. यंत्रावर सहज कापले जावे म्हणून काही पितळांत २ ते ३ टक्के शिसे मिसळलेले असते. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानलेली नाही. जेवणाच्या टेबलावर किंवा बेडरूममध्ये हे काम झाले की धूळ चादरीवर, कपड्यांवर, फरशीवर बसते, आणि रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. कोरड्या झाडूने ती पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडके टाकून द्या.

पितळ बर्नरवर लाल होईपर्यंत तापवले तर जस्ताचा धूर निघतो. असा धूर ओढल्यावर काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडाला धातूची चव येते. लक्षणे फ्लूसारखी असल्याने कारण सांगितल्याशिवाय डॉक्टरच्या लक्षात येत नाही.

उपकरणातच राहिला तर

बारीक भोकात आणि आट्यांमध्ये अडकलेला कीस धुऊनही पूर्ण निघेल याची खात्री नसते. चुंबक फिरवून समाधान मानू नका. पितळ, तांबे आणि अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटतच नाहीत. असा भाग पुन्हा वापरला की कण वाफेबरोबर तोंडात आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. तोंडाच्या भागावरचा मुलामा घासला गेला तर खालचे निकेल किंवा पितळ ओठांना लागते. निकेलची अॅलर्जी असेल तर ओठ खाजतात, सुजतात, सोलवटतात.

सर्वांत मोठा धोका बॅटरीचा. धातूचा एक कण किंवा घासताना राहिलेली धारदार कड दोन टोकांना जोडली गेली की शॉर्टसर्किट होते. लिथियम-आयन बॅटरीवरचे पातळ प्लास्टिकचे वेष्टन अशा कडेने फाटले तरी तेच घडते. काही साध्या बनावटीच्या उपकरणांत वीज तोडणारे सुरक्षा सर्किटच नसते. मग बॅटरी खिशात, हातात किंवा तोंडासमोर पेटते. २०१५ ते २०१७ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ई-सिगारेटचा स्फोट आणि भाजण्याच्या सुमारे २,०३५ घटना आल्याचा अंदाज तिथल्या संशोधकांनी मांडला आहे.

लगेच काय करावे?

• डोळ्यात धूळ गेल्यासारखे वाटले तर हात धुऊन स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका. खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.
• काम करताना डोळ्याला काही जोरात लागले, अंधुक दिसू लागले, बाहुलीचा आकार बदलला किंवा रक्त दिसले, तर डोळा धुऊ नका, दाबू नका. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकवता वर धरा आणि थेट रुग्णालयात जा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून तोवर काही खाऊ-पिऊ नका.
• मेडिकलमधून स्वतःहून स्टिरॉइडचे किंवा बधिर करणारे थेंब आणू नका.
• बॅटरीने भाजल्यास कपडे आणि अंगठ्या काढा आणि वाहत्या नळाखाली २० मिनिटे धरा. चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. बॅटरीतील रसायनेही त्वचा जाळतात, म्हणून जखम लहान दिसली तरी दाखवा. चेहरा किंवा तोंड भाजले असेल, धाप लागत असेल तर १०८ ला फोन करा.
• चकतीने कापले असेल तर जखम धुवा, दाबून धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

डॉक्टरला खरे सांगा

व्हेपचे नाव काढले तर घरी ओरडा बसेल, कायद्याची भानगड होईल या भीतीने "गाडीवरून जाताना कचरा गेला" असे सांगितले जाते. इथेच डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. कचरा म्हटल्यावर डॉक्टर वरवरचा कण शोधतात. "धातू घासत होतो" हे तीन शब्द ऐकले की ते डोळ्याच्या आतही शोधतात, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. आत धातू असण्याची शंका असताना एमआरआय करत नाहीत, कारण त्याच्या चुंबकाने लोखंडी कण आत सरकू शकतो. कोणता धातू होता तेही सांगा. शक्य असेल तर घासलेला भाग पिशवीत घालून बरोबर न्या.

पालकांनो, त्या क्षणी आधी डोळा दाखवा. बोलायचे ते घरी आल्यावर बोला, आणि तेही ऐकून घेत.

जो भाग आधीच घासला गेला आहे, तो बॅटरीला जोडू नका आणि तोंडात धरू नका. त्याची सुरक्षित दुरुस्ती घरी होत नाही. इतकी खटपट करण्याइतकी ओढ लागली असेल तर ती निकोटीनची असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर तंबाखू आणि निकोटीन सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरशीही बोला.