पाच-दहा मिनिटांचा माणूस

सत्तर वर्षं कॅमेऱ्यासमोर, चारशेहून जास्त भूमिका आणि तरी पोस्टरवर नाव जवळपास कधीच नाही. जेम्स हाँग नावाच्या नव्वदी पार केलेल्या 'साइड अ‍ॅक्टर'ची ही गोष्ट.

'कुंग फू पांडा' पाहिलाय ना? मग पोचे बाबा आठवत असतीलच. नूडल्सचं दुकान चालवणारे मिस्टर पिंग. बाप हंस, पोरगा पांडा, आणि तरीही 'हा माझाच' असं ठामपणे सांगणारे. 2008 च्या पहिल्या भागापासून 2024 च्या चौथ्या भागापर्यंत या बाबांना एकाच माणसाने आवाज दिलाय, जेम्स हाँग यांनी. आता गंमत बघा. तुम्ही जर तो सिनेमा टीव्हीवर हिंदीत पाहिला असेल, तर तुम्ही त्यांचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. त्यांचं काम पाहिलंत, पण ना चेहरा दिसला, ना आवाज कानावर पडला. अशा माणसाचं नाव आपल्याला माहीत नसेल तर त्यात नवल काय?

आधी इंजिनीअरिंग, मग बघू

हाँग यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1929 चा, अमेरिकेतल्या मिनीअ‍ॅपोलिस शहरातला. घर चिनी स्थलांतरितांचं. पोराने काय करायचं? इंजिनीअरिंग! (ओळखीचं वाटतंय?) त्यांनी सिव्हिल इंजिनीअरिंग केलं, लॉस एंजेलिस काउंटीत रस्ते बांधणीच्या खात्यात नोकरीही धरली. पण मन होतं स्टेजवर. नकला उत्तम करायचे. 1954 मध्ये ग्राउचो मार्क्स या तेव्हाच्या प्रचंड लोकप्रिय विनोदवीराच्या टीव्ही शोमध्ये त्यांनी नकला केल्या. त्यात खुद्द ग्राउचोचीच नक्कल होती! लोकांना ती तुफान आवडली आणि कामं यायला लागली. मग रजा टाकायची, आजारपणाची सुट्टी घ्यायची आणि शूटिंगला पळायचं, असं काही काळ चाललं. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. 1955 च्या 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून'मध्ये ते थेट क्लार्क गेबलसोबत पडद्यावर होते.

इथे कट करून 'आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही' असं म्हटलं की छान रील तयार होईल. पण खरी अडचण इथूनच सुरू होते.

चिनी माणूस, पण गोरा

त्या काळी हॉलिवूडमध्ये चिनी पात्र महत्त्वाचं असेल तर ते गोऱ्या नटाला मिळायचं. पेन्सिलीने भुवया ओढायच्या, डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीने ताणायच्या, झाला चिनी. 1937 च्या 'द गुड अर्थ' या चिनी शेतकरी कुटुंबाच्या सिनेमात नायक-नायिका दोघंही गोरे होते. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन स्टार तेव्हा तिथेच होती, तिला ती भूमिका मिळाली नाही. जिला मिळाली त्या लुइझी रायनरला त्यासाठी ऑस्कर मिळालं.

वीस वर्षांनीही फार काही बदललं नव्हतं. 1957 मध्ये चार्ली चॅन या चिनी गुप्तहेरावर टीव्ही मालिका आली, त्यात हाँग यांना चॅनच्या मोठ्या मुलाची भूमिका मिळाली. आणि वडील? जे. कॅरोल नेश, आयरिश वंशाचे अमेरिकन. म्हणजे खरा चिनी वंशाचा मुलगा बाजूला आणि मेकअपमधला बाप मध्यभागी!

मग हाँग यांच्या वाट्याला काय यायचं? नोकर, वेटर, गुंड, कपटी खलनायक. त्यांनी ते सगळं केलं. पोट होतं, आणि त्यापेक्षा चांगलं काही कुणी देतच नव्हतं. आज आपण सहज म्हणू, 'नकार द्यायला हवा होता.' पण नकार द्यायला हातात दुसरा पर्याय लागतो. म्हणून मग त्यांनी तो पर्यायच उभा करायचं ठरवलं. 1965 मध्ये माको आणि इतर आशियाई-अमेरिकन कलाकारांसोबत त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाटक कंपनी काढली. सुरुवात एका चर्चच्या तळघरात झाली, पहिलं नाटक होतं 'राशोमोन'. ज्या भूमिका स्टुडिओ देत नव्हते, त्या इथे आपल्याच माणसांना मिळाल्या. ही कंपनी आजही सुरू आहे.

छोटा रोल, मोठी आठवण

त्यांची खासियत अशी, की मिळालेला छोटासा तुकडाही ते असा वाजवतात की तो लक्षात राहतो. 'साइनफेल्ड' मालिकेचा 1991 चा एक भाग पूर्णच्या पूर्ण चिनी रेस्टॉरंटमध्ये टेबलची वाट पाहण्यात जातो. कधीही विचारा, काउंटरवरचे हाँग शांतपणे सांगतात, 'पाच-दहा मिनिटं.' राग येतो आणि हसूही. तसं पाहिलं तर त्यांच्या बहुतेक भूमिकाही तेवढ्याच लांबीच्या!

कौतुकाची पाळी मात्र फार उशिरा आली. हॉलिवूडच्या फुटपाथवरचा तो प्रसिद्ध तारा माहितीये? तो नुसता मिळत नाही, त्यासाठी हजारो डॉलर भरावे लागतात, आणि ते बहुतेक वेळा स्टुडिओ भरतो. हाँगसाठी 2020 मध्ये डॅनियल डे किम या अभिनेत्याने ऑनलाइन वर्गणी काढली आणि चाहत्यांनी काही दिवसांतच 55,000 डॉलर जमवले. 10 मे 2022 रोजी ताऱ्याचं अनावरण झालं. तेव्हा हाँग 93 वर्षांचे होते.

त्याच वर्षी 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स' आला. त्यात ते व्हीलचेअरवरचे हट्टी आजोबा आहेत. 2023 च्या फेब्रुवारीत या सिनेमाच्या कलाकारांना अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मंचावर हाँग बोलले. त्यांनी विषय काढला तो 'द गुड अर्थ'चा, त्या ताणलेल्या डोळ्यांचा. तेव्हा निर्माते म्हणायचे, आशियाई नट पुरेसे चांगले नाहीत, त्यांच्या नावावर तिकिटं खपत नाहीत. आणि आता आमच्याकडे बघा, असं म्हणत 94 वर्षांच्या या आजोबांनी अख्खं सभागृह जिंकलं. पुढच्याच महिन्यात त्या सिनेमाने सात ऑस्कर पटकावले.

'संयम ठेवा, फळ मिळतं' असा धडा यातून काढायचा मोह होईल. जरा थांबा. ते इतकी वर्षं थांबले कारण दार बाहेरून बंद होतं. अ‍ॅना मे वाँगचीही मेहनत कमी नव्हती, ती 1961 मध्येच गेली. हाँग यांना हा दिवस दिसला याचं एक कारण त्यांची चिकाटी, आणि दुसरं म्हणजे ते तेवढं जगले. दुसऱ्या कारणावर कुणी करिअर प्लॅन करू नये. पहिल्यासोबत एक तळघर शोधावं, दोन-चार माणसं गोळा करावीत, हे मात्र जमण्यासारखं आहे.

कुठे शोधाल?

चायनाटाउन (1974) : नायिकेच्या घरचा बटलर.
ब्लेड रनर (1982) : गोठलेल्या प्रयोगशाळेत कृत्रिम डोळे बनवणारा च्यू.
बिग ट्रबल इन लिटल चायना (1986) : शापित मांत्रिक लो पॅन. थिएटरात आपटलेला सिनेमा, पुढे व्हिडिओ कॅसेटवर कल्ट झाला.
मुलान (1998) : खडूस ची-फूचा आवाज.
कुंग फू पांडा : आणि हो, या वेळी इंग्रजीत बघा.