पंचहौदचा चहा आणि पंचहौदची मंडळी

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंचहौद मिशनचे नाव येते ते चहामुळे. ऑक्टोबर १८९०. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गुरुवार पेठेतल्या या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटे फिरली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ने छापली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचा वाद झाला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर १८९२ साली, मित्रांची कोंडी सुटावी म्हणून, प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या काळाचा मनस्ताप वाचायला मिळतो.

या प्रकरणावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्या चहाचे यजमान मात्र या सगळ्या लिखाणात पडद्याआडच राहिले. ज्या आवारात हा चहा झाला, तिथेच पाच वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, एक देवालय उभे राहिले होते. दर रविवारी तिथल्या वेदीपुढे जन्माने निरनिराळ्या जातींची माणसे रांगेत गुडघे टेकत आणि एकाच पेल्यातून द्राक्षारस घेत. त्या माणसांची यादी कुठल्या वर्तमानपत्राने छापली नाही. त्यांना प्रायश्चित्त सांगायला कोणी आले नाही, कारण ती जातीबाहेर गेलेलीच होती. पाहुण्यांना घरी परतायचे होते, मंडळीला परतायला घर उरले नव्हते. पंचहौदचा खरा इतिहास या मंडळीचा आहे.

देवालयाचे नाव ‘पवित्र नाम देवालय’. अँग्लिकन परंपरेतले, म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणारे हे चर्च. अमेरिकेत याच कुळातले चर्च ‘एपिस्कोपल’ म्हणून ओळखले जाते. पुण्यात ते रुजवले दोन संन्यासी संघांनी. पहिला ऑक्सफर्डजवळच्या काउली गावचा. रिचर्ड मो बेन्सन यांनी १८६६ मध्ये स्थापलेल्या या संघातले ब्रह्मचारी धर्मगुरू १८७४ पासून मुंबई इलाख्यात काम करू लागले. दुसरा वाँटेज गावच्या भगिनींचा. हा संघ १८४८ चा. त्या भगिनी १८७७ मध्ये पुण्यात आल्या आणि आधीपासून चालू असलेली सेंट मेरीज शाळा त्यांनी हाती घेतली. लष्कराच्या छावणीतले गोऱ्यांचे चर्च वेगळे होते. पंचहौदचे काम शहरातल्या मराठी माणसांसाठी, पेठांच्या गर्दीत होते.

इमारतही तशीच, गर्दीत खांदे रोवून उभी राहिलेली. आत लांबट सभागृह, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला वेदी. बाहेर इटालियन वळणाचा उंच मनोरा आणि त्यात आठ घंटा. त्या इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. सुरात लावलेल्या अशा आठ घंटांचा संच भारतात मोजक्याच ठिकाणी आहे.

या आवाराशी जोडलेले पहिले मोठे मराठी नाव नीलकंठशास्त्री गोरे यांचे. १८२५ चा जन्म, चित्पावन घराणे, वाढले काशीत, अध्ययन शास्त्रांचे. मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून गेलेले हे शास्त्री १८४८ मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. हिंदू दर्शनांची चिकित्सा करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा ग्रंथ १८६० चा. पुढे ते धर्मगुरू झाले आणि काउलीच्या संघात उमेदवार म्हणून राहिले. धर्म बदलला तरी त्यांची साधी राहणी आणि वाद घालण्याची काशीची शिस्त बदलली नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि त्याच सुमारास पंचहौदच्या भगिनींशी त्यांची ओळख झाली. नेहेम्या गोरे यांच्याशी चर्चा झाल्या. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला वाँटेजच्या मठात गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा तिथे बाप्तिस्मा झाला. फुलहॅममध्ये या भगिनींनी चालवलेले, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीचे घर त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांनाही पुन्हा उभे करता येते, हे तिथे दिसले आणि त्याचा परिणाम त्यांच्या पुढच्या सगळ्या कामावर झाला.

पण रमाबाई ऐकून घेणाऱ्या शिष्या नव्हत्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही, अंडे घातलेले पुडिंगही चालेना. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, माझ्या देशातल्या बायांना ती कशी कळणार, असा त्यांचा सवाल. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. रमाबाईंनी पत्रांतून त्याची झाडाझडती घेतली. आपली विवेकबुद्धी आपण कुणाकडे गहाण टाकलेली नाही, हा त्यांच्या पत्रांचा सूर. मुंबईत १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले ते कुठल्याही संघाच्या छत्राखाली न जाता. बिशपांच्या चर्चने महाराष्ट्राला रमाबाई दिल्या हे जितके खरे, तितकेच ते चर्च त्यांना पुरले नाही हेही खरे.

मोठी नावे अशी आली आणि पुढे गेली. मागे राहिली ती मंडळी. नगर जिल्ह्यातल्या गावांतून दुष्काळाने आणि अस्पृश्यतेने बाहेर लोटलेली दलित कुटुंबे, वसतिगृहात वाढलेली पोरकी मुले, शिकून शिक्षिका आणि परिचारिका झालेल्या मुली, छापखान्यात आणि रेल्वेत लागलेले तरुण. मराठी ख्रिस्ती समाजाचा कणा या लोकांचा आहे. पंचहौदच्या आसपास मुलामुलींच्या शाळा आणि वसतिगृहे निघाली. सेंट हिल्डाज ही मुलींची शाळा त्यांतलीच. ज्या घरात आजीला अक्षर येत नव्हते त्या घरातली नात शाळेत शिकवायला उभी राहिली, हा बदल एका पिढीच्या अंतरात घडला. या मंडळीच्या सेवेचा हिशेब मांडायचा तर तो इथून सुरू करावा लागेल.

उपासना मराठीत झाली तीही या लोकांमुळे. प्रार्थनापुस्तक इंग्रजीवरून आले, पण गाणे इथले राहिले. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक मराठी प्रोटेस्टंट घरांत बायबलाशेजारी असते. त्यात इंग्रजी चालींवरची गीते आहेत तशीच ओव्या, अभंग आणि पदेही आहेत. गीतकारांपैकी नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे वेगळ्या पंथाचे. कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनासाठी प्रसिद्ध. गाताना मात्र पंथ कोणी विचारत नाही. बाजाची पेटी आणि तबला देवालयात आले तेव्हा कुरकुर झाली असेल, आज त्यांच्यावाचून भजन उभे राहत नाही.

पंथांचे हे अंतर कागदावरही मिटले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक भाग, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा चर्चांनी मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. ज्यांच्याकडे बिशप नव्हते त्यांनी बिशप मान्य केले, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनी निवडून दिलेल्या समित्यांचा अधिकार मान्य केला. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तीन शब्द या चर्चने आपले ध्येय म्हणून घेतले. पंचहौदचे देवालय आज पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे, म्हणजे बिशपांचे आसन तिथे आहे.

कारभार कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. धर्मगुरूंची नेमणूक बिशप करतात आणि बदलीही तेच करतात. पैसा, इमारत, कार्यक्रम यांचा व्याप मात्र पाळकीय समिती पाहते. ती मंडळीच्या वार्षिक सभेत निवडली जाते. वरच्या पायरीवर धर्मप्रांताची परिषद आणि त्यावर सिनॉड, म्हणजे साऱ्या चर्चची सर्वोच्च सभा. या परिषदांत धर्मगुरूंबरोबर साधे सभासदही बसतात. वार्षिक सभेत ताळेबंदावरून आवाज चढतात, निवडणुकीत तट पडतात, आणि पुढच्या रविवारी तीच माणसे एकमेकांना शांतीची सलामी देतात.

वर्षाला स्वतःची लय असते. आगमनकाळात वेदीवर जांभळे कापड चढते, नाताळात पांढरे. डिसेंबरात तरुण संघ कॅरल गात घरोघरी फिरतो आणि मराठी ख्रिस्ती घरात केकाच्या ताटलीत करंजी, चकली, शंकरपाळेही असतात. उपवासकाळात घरगुती प्रार्थनासभांची पाळी लागते. प्रत्येक घराला आपला वार मिळतो. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर मनन होते. ते सात जणांत वाटले जाते आणि त्यांत धर्मगुरूंखेरीज शिक्षक, बँकेतला कारकून, महिला मंडळातली कोणी ताईही असते. पुनरुत्थानाच्या दिवशी अनेक मंडळ्या पहाटे कबरस्तानात जमतात. हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक भाजी, धान्य, फळे, घरचे लोणचे घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखादा साधा दुधी भोपळा हौसेने चढ्या बोलीला जातो. रक्कम चर्चच्या कामाला.

सेवेचा मोठा भाग असा गाजावाजा न करणारा. आजाऱ्याच्या घरी धर्मगुरू पवित्र सहभागिता घेऊन जातात, कारण अंथरुणावरचा सभासदही मंडळीतच मोजला जातो. कोणी गेले की निरोप तासाभरात पोचतो. पेटी, कबरीची जागा, गाणारी माणसे आणि घरच्यांचे जेवण यांची वाटणी आपोआप होते. एकट्या राहिलेल्या वृद्धांकडे महिला मंडळाच्या फेऱ्या असतात. विवाहाच्या आधी ‘पुकार’ होतो. सलग रविवारी मंडळीसमोर नावे वाचली जातात, कोणाची हरकत असेल तर त्याने बोलावे म्हणून. शहरात माणूस शेजाऱ्याला ओळखेनासा झाला, तेव्हा ही ओळख टिकवणे हेच मोठे काम ठरते.

उणिवा आहेत, आणि त्या झाकून परिचय पुरा होत नाही. वेदीपुढची रांग एक झाली तरी लग्न जमवताना जुनी जात पुष्कळदा दाराआडून डोकावते. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, त्यामुळे दोन्हीकडून वंचित राहिल्याची भावना आहे. शाळांची पटसंख्या वाढली, पण इंग्रजी माध्यमाच्या ओढीत मराठी वाचणारी ख्रिस्ती मुले कमी झाली. मराठी उपासनेला तरुण कमी दिसतात. अधिकार बिशपांच्या हाती किती आणि मंडळीच्या हाती किती, हा रमाबाईंनी विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे.

पुण्याच्या या परंपरेचा एक धागा छत्तीसगडच्या उंबरठ्यापर्यंत जातो. जॅक विन्स्लो या नगर भागात काम केलेल्या धर्मगुरूंनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. ना. वा. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच. इंग्रज आणि भारतीय एकत्र राहतील, खादी वापरतील, जमिनीवर बसून जेवतील, असा हा संघ होता. पुण्यात त्याचा आश्रम झाला. १९२७ मध्ये तिथे आलेला तरुण ऑक्सफर्डकर म्हणजे व्हेरिअर एल्विन. शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याला घेऊन तो १९३२ मध्ये मैकल डोंगरात, मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. छत्तीसगडसह तो मुलूख नागपूरच्या बिशपांकडे होता. बिशप अलेक्झांडर वुड यांनी परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली, गांधींच्या बाजूच्या एल्विनने ती नाकारली, आणि काही वर्षांत तो चर्चमधूनच बाहेर पडला. हिवाळ्यांनी मात्र गोंडांमधल्या शाळा आणि दवाखान्यांचे ओझे पुढे अनेक वर्षे वाहिले. पुण्यातला तो आश्रम १९७२ मध्ये नव्याने सुरू झाला, तेव्हा रोमन कॅथलिक भगिनी आणि वाँटेज परंपरेतल्या अँग्लिकन भगिनी तिथे एकत्र राहू लागल्या.

आज छत्तीसगडचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि त्याचे कॅथेड्रल रायपुरात. दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या शेजारीही याच चर्चची मंडळी भेटेल. पोलाद कारखान्याबरोबर वसलेल्या भिलाईत पुष्कळजण बाहेरून आले. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली तेव्हाची पिढी आता थकली आहे, आणि वसाहतीतली देवळे, मशिदी, गुरुद्वारे, चर्च कसकशी उभी राहिली ते तिलाच ठाऊक आहे.

अशा आठवणी माणसांबरोबर जातात, म्हणून एक विनंती. प्रत्येक जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या असतात. ज्यांच्या वाट्याला चरित्रकार आले नाहीत अशा हजारो मराठी माणसांचा पत्ता त्यांत आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी धर्मगुरूंच्या परवानगीने त्या वाचाव्यात, मंडळ्यांनी त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी स्कॅन करून घ्याव्यात. आणि पुण्यातल्या वाचकाने एखाद्या रविवारी पंचहौदच्या मराठी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसावे. दार कोणालाही बंद नाही.